पोलादी आलेख आणि जातीचा रकाना

फिलाडेल्फिया येथील ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी हे कारागृह १८२९ साली सुरू झाले. एकांतात कैद्याला पश्चात्ताप होईल, या कल्पनेवर त्याची रचना बेतलेली होती. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी होती, छतात एक झरोका होता आणि बाहेर नेताना कैद्याचा चेहरा झाकला जाई. १९७१ साली बंद पडलेली ही वास्तू आज संग्रहालय आहे. तुरुंगवासासारखा विषय प्रेक्षकांपुढे कसा मांडावा, याचा वस्तुपाठ तेथे मिळतो.

तेथे २०१४ साली सोळा फूट उंचीचा पोलादी आलेख उभारण्यात आला. एका बाजूने पाहता १९०० पासून अमेरिकेतील तुरुंगवासाचे वाढत गेलेले प्रमाण दिसते, दुसऱ्या बाजूने कैद्यांची वांशिक विभागणी, तर तिसऱ्या बाजूने इतर देशांशी तुलना. कागदावरून नजर सहज पुढे सरकते. येथे मान वर करून पाहावे लागते.

२०१६ च्या ‘प्रिझन्स टुडे’ या प्रदर्शनात तर प्रेक्षकालाच विचारले जाते: आपण कधी कायदा मोडला आहे काय? उत्तराप्रमाणे त्याने आपली वाट निवडायची. कायदा अनेक जण मोडतात. मग गजाआड विशिष्ट समाजांतील माणसेच अधिक का, हा प्रश्न तो सोबत घेऊन चालू लागतो.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. भारतातील अनेक कारागृह नियमावल्यांत सफाईचे काम दलित जातींकडे आणि स्वयंपाक उच्च जातींकडे सोपवलेला होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी यावर प्रदर्शन रचता येईल. प्रवेशद्वारी नोंदवही ठेवावी. तिथे खरी जात मात्र विचारू नये; चिठ्ठी काढायला लावावी. चिठ्ठीप्रमाणे एकाच्या हाती झाडू येईल, दुसऱ्याच्या हाती पळी. कारण विचारताच नियमावलीचे पान दाखवावे. बेड्या घालून छायाचित्रे काढण्याची हौस तेथे नको. तुरुंगवास भोगलेली माणसे आखणीच्या पहिल्या बैठकीपासून सोबत असावीत, कारण दुःख त्यांचे आहे आणि ते किती व कसे दाखवावे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.