भाग-कुलांचे नामकरण, कॅडमधील

भाग-कुलांचे नामकरण, कॅडमधील : एकाच घडणीच्या परंतु भिन्न मापांच्या सुट्या भागांच्या गटास संगणकसाहाय्यित अभिकल्पात, म्हणजेच कॅडमध्ये, भाग-कुल म्हणतात. उदा., ८ मिमी. व्यासाच्या षट्कोनी डोक्याच्या बोल्टांची लांबी २०, २५, ३० मिमी. अशी बदलत जाते. आकृती एकदाच काढून मापे कोष्टकात भरली की, कुलातील प्रत्येक घटक तीवरून सिद्ध होतो. काही प्रणालींत सर्व घटक एकाच फाइलीत राहतात, तर काहींत प्रत्येकाची स्वतंत्र फाइल होते. नामकरणाचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात उद्‌भवतो.

फोल्डर वेगळे असल्यास एकाच नावाच्या दोन फाइली संगणकास चालतात. मात्र जुळणीच्या फाइलीत तिच्या भागांची नावे व स्थाने नोंदलेली असतात. ठरल्या जागी फाइल न मिळाल्यास काही प्रणाली त्याच नावाची फाइल अन्यत्र शोधतात आणि २० मिमी.च्या जागी २५ मिमी.चा बोल्ट जुळणीत येऊन बसतो. हा दोष पडद्यावर सहज लक्षात येत नाही. पुष्कळदा तो माल हाती आल्यावरच उमगतो. म्हणून सामाईक व्यवस्थापन प्रणालीत एक नाव एकाच फाइलीस देतात.

हा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये हाती घेतलेल्या फेरमोजणीतून मुंबई इलाख्याची सर्वेक्षण पद्धती आकारास आली [⟶ सर्वेक्षण]. या पद्धतीतील सर्व्हे नंबर गावापुरताच अनन्य असतो. ४५ क्रमांकाचे शेत अनेक गावी आढळते, त्यामुळे गावाचे नाव सांगावेच लागते. वाटणीनंतर पडणारे ४५/१, ४५/२ हे हिस्से म्हणजे एक प्रकारे कुलाचे घटकच होत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले, तेथे गट नंबर आले व जुन्या खरेदीखतातील शेत ओळखण्यास जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणे भाग पडले. प्रणालीबाहेर फाइलीचे नाव बदलल्यास जुन्या जुळण्यांची गत अशीच होते.

शेजारच्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजोची तीनचाकी वाहने तयार होतात. वाहन उद्योगात एकाच भागाची फाइल कारखानदार व पुरवठादार या दोहोंकडे असू शकते. तेव्हा एकाचे क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकांशी सहज आदळतात. याउलट दोन आरेखकांनी तोच घटक स्वतंत्रपणे सिद्ध केला, तर एकच बोल्ट दोन नावांनी कोठारात पडतो. हा दोष कमी घातक, पण अधिक खर्चिक.

माप व धातू नावातच गुंफण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि पुढे धातू बदलला की तेच नाव दिशाभूल करते. प्रणालीने दिलेला निरर्थक अनुक्रमांक नाव म्हणून घेणे व वर्णन वेगळ्या रकान्यांत नोंदणे अधिक सुरक्षित होय. घटक प्रथम सिद्ध होताना मिळालेला क्रमांक कुलाच्या कोष्टकात त्याच्या मापांपुढे लिहितात. घटक रद्द झाला, तरी तो क्रमांक दुसऱ्यास देत नाहीत.