नैसर्गिक वाइन आणि भूमध्य सागराकाठचं ताट: काही गैरसमज

सिसिली बेटाच्या आग्नेय भागात वित्तोरिया नावाचं शहर आहे. तिथल्या तांबड्या रेताड मातीत फ्रापातो नावाचं काळं द्राक्ष पिकतं. त्याची वाइन रंगाने फिकट, वासाला स्ट्रॉबेरीसारखी आणि पोताने हलकी. आरियाना ओक्किपिंती यांच्यासारखे तिथले उत्पादक ती आंबवायला विकतचं यीस्ट घालत नाहीत; मळ्यातून द्राक्षांबरोबर आलेलं यीस्टच ते काम करतं. अशा वाइनला आज जगभर नॅचरल वाइन म्हणतात. तिच्याविषयी खूप काही ऐकायला मिळतं, त्यातलं निम्मं तरी चुकीचं असतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे नॅचरल आणि ऑरगॅनिक एकच. तसं नाही. ऑरगॅनिक वाइनचे नियम युरोपीय संघाने 2012 साली कायद्याने ठरवले. त्यात द्राक्षं सेंद्रिय हवीत, पण तळघरात विकतचं यीस्ट चालतं आणि परवानगीच्या यादीतली कितीतरी द्रव्यंही चालतात. नॅचरल वाइनची मात्र संपूर्ण युरोपाला लागू होणारी कायदेशीर व्याख्याच नाही. फ्रान्समध्ये 2020 साली ‘व्हँ मेथोद नात्यूर’ ही सनद आली: प्रमाणित सेंद्रिय द्राक्षं, हातांनी तोडणी, मळ्यातलंच यीस्ट, बाहेरचं काही घालायचं नाही, फार तर बाटलीत भरण्याआधी थोडं सल्फाइट, तेही लिटरला एकूण 30 मिलिग्रॅमच्या आत. इटलीच्या किंवा ग्रीसच्या बाटलीवर हा शिक्का सहसा दिसत नाही, तिथे उत्पादक माहीत असावा लागतो. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपात घटकांची यादी देणं बंधनकारक झालंय. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुढच्या लेबलावरच्या सुंदर चित्रापेक्षा ती कितीतरी खरं सांगते.

दुसरा समज सल्फाइटचा: नॅचरल वाइनमध्ये ते नसतं, म्हणून डोकं दुखत नाही. यात दोन्ही बाजूंनी चूक आहे. आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ‘सल्फाइट आहे’ असं छापावंच लागतं, म्हणून वरून कणभरही न घातलेल्या बाटलीवर ही सूचना दिसू शकते. नेहमीच्या वाइनला युरोपातली मर्यादा कोरड्या रेडसाठी 150 आणि कोरड्या व्हाइटसाठी 200 मिलिग्रॅम. सुकवलेल्या जर्दाळूंना मात्र किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. ते खाऊन डोकं धरून बसलेलं कुणी दिसत नाही. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी जपलंच पाहिजे. बाकीच्यांची डोकेदुखी बहुतेक वेळा अल्कोहोलची आणि कमी प्यायलेल्या पाण्याची असते.

म्हणून ‘नॅचरल आहे, शरीराला चांगली’ हेही मला पटत नाही. अल्कोहोल नॅचरल आणि नेहमीच्या वाइनमध्ये तेच. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. भूमध्य सागरी आहाराचं नाव झालं ते ऑलिव्ह तेल, कडधान्यं, भाज्या आणि मासळीमुळे. वाइन प्यायची असेल तर चवीसाठी आणि जेवणासोबत प्यावी, औषध म्हणून नाही.

‘पूर्वी सगळीच वाइन शुद्ध असायची’ असंही सांगतात. रोमन लेखक केटोने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात वाइनमध्ये समुद्राचं पाणी घालायची कृती दिली आहे. पाइन झाडाची राळ घातलेली रेत्सिना ग्रीसमध्ये आजही आवडीने पितात.

आता गढूळपणाकडे येऊ. न गाळलेल्या वाइनमध्ये तळाशी साका असतो. तो दोष नाही. पण त्यावरून ‘विचित्र वास म्हणजे अस्सलपणा’ असा निष्कर्ष काढणं ग्राहकावर अन्याय आहे. झोंबणारा व्हिनेगरचा वास हा दोषच. त्याहून फसवा दोष उंदराच्या वासाचा. पेला नाकाशी धरला तर काहीच कळत नाही, कारण वाइनच्या आंबटपणात ही द्रव्यं हवेत उडत नाहीत. घोट गिळल्यावर लाळेत मिसळून आंबटपणा कमी झाला, की काही क्षणांनी घशाच्या मागून पिंजऱ्यातल्या उंदरांची घाण वर येते. यातल्या एका द्रव्याचं नाव 2-अ‍ॅसिटाइल-1-पायरोलिन. हेच द्रव्य बासमतीला सुवास देतं! भातात हवंहवंसं वाटणारं द्रव्य पेल्यात घोट नकोसा करतं. काहींना हा वास येतच नाही, तेव्हा टेबलावर दोघांचं मत वेगळं पडलं तर भांडू नये.

जेवणाच्या बाबतीत ‘मासळीला व्हाइट, मटणाला रेड’ हा नियम घट्ट बसलाय. 2009 साली जपानमधल्या मर्सियन कंपनीच्या संशोधकांनी स्कॅलॉप शिंपल्यांसोबत डझनावारी वाइन चाखून पाहिल्या. घोटानंतर तोंडात येणारा उग्र मासळी वास त्यांना वाइनमधल्या लोहाशी जोडलेला आढळला. लोह कमी असेल तर रेडही चालते. त्यातून तुरटपणाही कमी असला की बरंच सोपं होतं. सिसिलीतल्या मेसिनाकडे तलवार मासा टोमॅटो, केपर आणि ऑलिव्ह घालून शिजवतात. त्यासोबत थंड फ्रापातो मला बहुतेक व्हाइटपेक्षा सरस वाटते.

खरं ठरवतो तो आंबटपणा. कापोनाता घ्या: तळलेली वांगी, सेलरी, केपर, ऑलिव्ह, वर व्हिनेगर आणि साखर. या आंबटगोडापुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. खारट फेटा चीजला म्हणूनच ग्रीसमधल्या सान्तोरिनीची धारदार व्हाइट असिर्तिको शोभते. लेबनॉनी हमस किंवा बाबा गनूशमध्ये तिळाचा तहिना असतो. त्याचा तेलकटपणा कापायला सालांसकट आंबवलेली, म्हणजे ऑरेंज वाइन बरी; तिला सालांचा तुरटपणा असतो. (तिचा संत्र्यांशी संबंध नाही, द्राक्षं पांढरीच असतात.) आर्टिचोकपुढे मात्र बहुतेक वाइन हरतात. त्यातल्या सायनारिन नावाच्या द्रव्यामुळे पुढचा घोट उगाच गोड लागतो.

शेवटचा गैरसमज आपल्याकडे महाग पडतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, साधारण 16 ते 18 अंशांचा. नाशिक-पुण्याच्या मे महिन्यात ती खोली 35 अंशांपर्यंत जाऊ शकते. सल्फाइट कमी असलेली वाइन उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर ती पुन्हा आंबू शकते किंवा चक्क बिघडते. बाटली फ्रिजमध्येच ठेवावी. फ्रापातोसारखी हलकी रेड वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावी आणि 14 अंशांच्या आसपास प्यावी. उरलेली बूच लावून लगेच फ्रिजमध्ये परत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.