'यूज्ड टू' म्हणजे 'वापरले' नव्हे!



इंग्रजीच्या तासाला मुलं एखादं वाक्य वाचतात आणि 'यूज्ड टू' आलं की थबकतात. कारण 'यूज' म्हणजे वापरणे हे त्यांनी पाठ केलेलं असतं. मग 'माय फादर यूज्ड टू ड्राइव्ह अ ट्रक' या वाक्याचा अर्थ लावायचा कसा? इथे 'वापरणे' बाजूला ठेवायचं आणि सरळ आपल्या मराठीकडे वळायचं.

१) मराठीतलं 'यचो, यची, यचे'
आजी जात्यावर दळायची. आम्ही नदीवर पोहायला जायचो. बाबा ट्रक चालवायचे. हे असं बोलणं मुलांना शिकवावं लागत नाही, ते घरूनच शिकून येतात. पूर्वी नेहमी घडायचं, आता घडत नाही, हे सांगायला इंग्रजीत 'यूज्ड टू' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप.
• वी यूज्ड टू स्विम इन द रिव्हर. – आम्ही नदीत पोहायचो.
• शी यूज्ड टू सिंग. – ती गायची.
आय, वी, शी, दे – कर्ता कोणीही असो, 'यूज्ड टू' बदलत नाही.

२) 'आता नाही' हा अर्थ विसरू नका
हे सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या मुलाचे वडील आजही ट्रक चालवतात, आणि त्याने निबंधात वरचं वाक्य लिहिलं, तर वाचणारा समजेल की त्यांनी ते काम सोडलं. व्याकरण बरोबर, पण माहिती चुकली! आजची सवय सांगायची तर साधा वर्तमानकाळ: माय फादर ड्राइव्ह्ज अ ट्रक. 'मी रोज सहाला उठतो' यासाठी 'आय यूज टू गेट अप' असं अनेकजण बोलतात, तेही चूकच. 'आय गेट अप ॲट सिक्स' एवढं पुरे.

३) 'जायचो' आणि 'जायचंय' यांत गल्लत नको
'मी शाळेत जायचो' आणि 'मला शाळेत जायचं आहे' – दोन्हीकडे 'जायच' ऐकू येतं, म्हणून मुलं गोंधळतात. 'मला' आलं की ती इच्छा किंवा गरज: 'वाँट टू' किंवा 'हॅव टू'. 'मी' आलं आणि वाक्याच्या सुरुवातीला 'पूर्वी' नीट बसलं, की 'यूज्ड टू'.

४) जिथे 'होता, होती' असतं तिथेही
इथे पूर्वी विहीर होती. – देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर.
मुंबईला इंग्रजीत पूर्वी बॉम्बे म्हणत; १९९५ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं. म्हणून: मुंबई यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे.
मात्र किती काळ किंवा किती वेळा हे मोजून सांगितलं असेल, तर साधा भूतकाळ वापरा. 'मी पाच वर्षं नाशिकला राहिलो' – आय लिव्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स.

५) नकार आणि प्रश्न
'डिड' आलं की शेवटचा 'डी' जातो.
• डिड यू यूज टू लिव्ह हिअर? – तुम्ही इथे राहायचात का?
• आय डिडन्ट यूज टू लाइक टी. – मला पूर्वी चहा आवडायचा नाही.
उच्चार दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, 'यूस टू'. त्यामुळे कानाला फरक कळत नाही. वहीत मात्र बघावा लागतो. ('वापरले' या अर्थी मात्र 'यूझ्ड' असा उच्चार होतो, बरं का.)

६) जुळा दिसणारा, पण वेगळा
आय ॲम यूज्ड टू वॉकिंग. – मला चालायची सवय आहे.
आय यूज्ड टू वॉक. – मी पूर्वी चालायचो.
आधी 'ॲम, इज, आर' असेल तर अर्थ 'सवय आहे', आणि पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागतो किंवा तिथे नाम येतं. सवय होत असेल तर 'गेट': यू विल गेट यूज्ड टू द न्यू स्कूल. – तुला नव्या शाळेची सवय होईल. शाळा बदललेल्या मुलाला धीर देताना हे वाक्य नक्की वापरा.

घरचा अभ्यास
मुलांना सांगा, आजी-आजोबांना विचारा, 'तुम्ही लहानपणी काय काय करायचात?' उत्तरं आधी मराठीत लिहू द्या. मग ज्या वाक्याला 'आता नाही' जोडता येतं, त्याखाली रेघ मारायची आणि तेवढीच पाच वाक्यं 'यूज्ड टू' लावून इंग्रजीत आणायची. जे आजोबा आजही करतात, ते साध्या वर्तमानकाळात. ही निवड मुलाला स्वतः करता आली, की 'यूज्ड टू' समजलं म्हणायचं.

पालकहो, तुमचं इंग्रजी कच्चं असलं तरी काळजी नको. जुन्या गोष्टी मराठीतून भरपूर सांगा. 'पूर्वी' आणि 'आता' यांतला फरक मुलांना मराठीतून उमगला, की इंग्रजीतलं हे रूप त्यांना अवघड जात नाही.