बाजारात आलेला रुपया

शेगावच्या स्टेशनात गाडी थांबली की गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेली मंडळी खाली उतरतात, आणि पुढे जाणारे डब्यातूनच कचोरीसाठी हात बाहेर काढतात. ही कचोरी मूळची इथली नव्हे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास ती स्टेशनवर विकायला सुरुवात केली, आणि पुढे तिला गावाचंच नाव चिकटलं. तिच्या चवीविषयी मी काही सांगायला नको. आज बोलायचं आहे ते तिच्यापायी गावात येणाऱ्या रुपयाविषयी.

हा रुपया बाहेरगावचा. तो गावात उतरला की कढईपाशी बसणाऱ्याची मजुरी होतो, मिरची आणणाऱ्याचा दाम होतो. मैदा नि तेल बाहेरचं असेल तर तेवढा भाग लगेच परत जातो, हेही खरं. उरलेला मजूर किराणावाल्याकडे नेतो, किराणावाला शिंप्याला देतो. एकच नोट चार घरं हिंडते. गावात पैसा किती आला एवढंच पाहून भागत नाही. बाहेर पडण्यापूर्वी तो किती दारं फिरला, तेही पाहावं लागतं.

आता अकोल्यासारख्या शहरातली मोठी दुकानं घ्या. तिथे माल थेट कारखान्यातून गाड्या भरून येतो, मधले हात कमी होतात, म्हणून भाव उतरतो. साखर, तेल, साबण यांत महिन्याला शंभर-दोनशे रुपये वाचले तर ते आपल्याच घरात राहिले. घर चालवणाऱ्या बाईला ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय पावती मिळते. पण नफा जातो मुख्य कचेरीच्या गावी. इथे उरतो तो नोकरांचा पगार आणि जागेचं भाडं. मोबाईलवरून मागवलेल्या मालात तर पार्सल पोचवणाऱ्याची मजुरी तेवढी आपल्या वाट्याची.

मग गावचा दुकानदार टिकतो कशावर? उधारीच्या वहीवर. पेरणी मृगात होते, कापूस घरी येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मधले चार महिने हातात रोकड नसते. तेव्हा "लिहून ठेवा, शेठ" म्हटलं की डाळ-तांदूळ मिळतो. मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर असं म्हणून पाहा!

खरी मेख इथेच आहे. आपण रोख पैसे असले की शहर गाठतो, आणि खिसा रिकामा झाला की गावच्या दुकानाची पायरी चढतो. दुकानदाराकडे मग नुसती येणी उरतात. ठोक व्यापाऱ्याचं देणं मात्र रोखीनं भागवावं लागतं. असं दोन-तीन हंगाम चाललं की फळ्या लागतात. त्याचा फटका मोटरसायकल असणाऱ्याला बसत नाही, एसटीच्या भाड्याचाही विचार करणाऱ्या मजुराला बसतो.

दुकानदारांची बाजू निर्दोष आहे असंही नाही. उधारी फुकट नसते. तिचं व्याज भावात चढवलेलं असतं, आणि रोख देणाऱ्यालाही तोच भाव लावतात. रोखीचा भाव वेगळा सांगितला तर पुष्कळ गिऱ्हाईक गावात थांबेल, असं माझं मत आहे. स्वस्त खरेदीसाठी मोठंच असावं लागतं असंही नाही. इंग्लंडात रॉचडेल इथे १८४४ साली २८ कष्टकऱ्यांनी मिळून दुकान काढलं. माप पुरं, माल चोख, विक्री रोखीची, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना. त्यांची मिळकत मजुरीची होती. पावसावर शेती करणाऱ्याला उधारी बंद म्हणून कसं चालेल? पण चार-सहा दुकानदारांनी मिळून एक गाडी माल आणायला काय हरकत आहे?

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. मुलांना घरची आठवड्याची खरेदी वहीत लिहू द्या: वस्तू कोणती, कुठे घेतली, कुठे तयार झाली, रोख की उधार. तूरडाळीपाशी जरा थांबा. तूर आपल्या शिवारात पिकते, पण पाकिटावर बहुधा दुसरंच गाव छापलेलं सापडेल. आपली तूर काय भावानं गेली, डाळ काय भावानं आली, हे मुलांनी घरी विचारून लिहून आणावं.