योगासने करताना शरीराचेही ऐकावे

दरवर्षी २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योगदिन जवळ आला की वाचक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : ख्रिस्ती माणसाने योगासने करावीत की नाही? व्हॅटिकनने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेविषयी प्रसिद्ध केलेल्या पत्रात त्याचे मार्गदर्शन आहे. अन्य परंपरांतील उपयुक्त ते विवेकाने घ्यावे, मात्र शारीरिक स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा त्याचा आशय. आज आम्हांला सहसा कोणी न विचारणाऱ्या प्रश्नाकडे वळायचे आहे. आसने करताना आपण स्वतःच्या शरीराशी कसे वागतो?

सेमिनरीत असताना शेजारच्या बंधूचे सहजसुंदर पद्मासन पाहून आम्हीही इरेला पेटलो होतो. आसन जमले, पण पुढचे पंधरा दिवस जिना उतरताना गुडघा त्याची आठवण करून देत होता. कारण पुष्कळ उशिरा समजले. पद्मासनात पाय वळायला हवा तो खुब्याच्या सांध्यातून. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो आणि मिटतो. खुबा वळत नसताना पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवले, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो आणि तेथील कूर्चेला व अस्थिबंधांना इजा होऊ शकते. खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे काहींना कितीही सराव केला तरी पद्मासन साधत नाही, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचा क्रम तिसरा आहे. त्याआधी यम आणि नियम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा. आसन कसे असावे, तर स्थिर आणि सुखावह, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. दात-ओठ खाऊन केलेले आसन या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. बालपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी त्यांचे शरीर खंगले होते. तरुणपणी गुरूंच्या आज्ञेवरून पूर्वतयारीविना हनुमानासन करताना मांडीमागचे स्नायू फाटले आणि पुढे बराच काळ चालणेही कठीण झाले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. शिक्षक म्हणून ते अतिशय कडक होते. परंतु लाकडी ठोकळा, पट्टा, दोरी, घडी केलेले ब्लँकेट आणि साधी लोखंडी खुर्ची यांच्या आधाराने वृद्ध व आजारी माणसांना आसनाचा लाभ मिळवून देणारी पद्धतही त्यांनीच विकसित केली. हात जमिनीला टेकत नसेल तर जमीनच ठोकळ्याच्या रूपाने वर आणायची. आधार घेणे म्हणजे हरणे, ही समजूत आपल्या लोकांत खोलवर रुजली आहे. ती पुण्याच्या या गुरूंनी खोटी ठरविली.

मर्यादा ओळखावी कशी? सर्वांत सोपी खूण श्वासाची. तो कोंडू लागला किंवा धाप लागली, की एक पाऊल मागे यावे. स्नायूंत पसरणारा ताण बहुधा चालतो. सांध्यातली टोचणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा आला की तत्काळ थांबावे. अनियंत्रित रक्तदाब वा काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने डॉक्टरांना विचारल्याविना करू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी जोर लावून पुढे वाकू नये. आपला आजार शिक्षकांपासून लपवू नये. आणि वाकलेल्या पाठीवर न विचारता भार देणारा शिक्षक असेल, तर तो वर्ग खुशाल सोडावा.

शरीराशी कठोर वागण्याचा मोह संतांनाही झाला होता. संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या शरीराला ‘गाढवबंधू’ म्हणत. अखेरच्या दिवसांत त्याला फार छळले म्हणून त्यांनी त्याची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मान्रेसा येथील अतिरेकी उपवासांनी संत इग्नाती लोयोला यांची प्रकृती कायमची बिघडली. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी ध्यानासाठी गुडघे टेकणे, बसणे, उभे राहणे, इतकेच काय, उताणे पडणे यांनाही स्थान दिले.

धर्मग्रामाच्या सभागृहात योगवर्ग भरविणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. चार-सहा खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, आणि त्या मागच्या भिंतीशी नकोत, चटयांच्या ओळीतच असाव्यात. मागे ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसायला आपल्या आजी-आजोबांना संकोच वाटतो.