दुकानदारी कंपनीतील संगणकाच्या नोकरीची मुलाखत

आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाच्या नोकरीविषयी आम्ही लेखणी उचलावी, याचे सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमचा पुतण्या बेंगळुरास अशा दोन मुलाखती देऊन आला, आणि तेथील प्रश्न ऐकून आम्हांस आमच्याच गोदामाची आठवण झाली. ज्यांची मुले या वाटेने जाऊ इच्छितात त्यांस उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

किराणा, कापड व घरसामान विकणाऱ्या परदेशी कंपन्यांची संगणक-कार्यालये आपल्याकडे आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. इंग्लंडच्या टेस्कोने २००४ साली व अमेरिकेच्या टार्गेटने २००५ साली बेंगळुरास असे काम सुरू केले; वॉलमार्टचेही कार्यालय तेथे आहे. दुकाने परदेशांत, पण साठ्याची नोंद, भावपट्टी, मागणीचा अंदाज यांचे प्रोग्राम लिहिण्याचे पुष्कळसे काम येथील मुले करतात.

मुलाखतीच्या फेऱ्या बहुधा चार-पाच असतात. प्रथम संगणकावरच तास-दीड तासाची परीक्षा. ठरावीक वेळात दोन-तीन कोडी सोडवून प्रोग्राम लिहावयाचा. मग अनुभवी इंजिनिअरांशी तासतासभर प्रश्नोत्तरे. तेथे मुकाट्याने लिहीत बसणे घातक. काय विचार चालला आहे तो बोलून दाखवावा लागतो. शेवटी विभागप्रमुख भेटतात व त्यानंतर पगाराची बोलणी होतात. त्या बोलण्यांविषयी व्यापाऱ्याच्या मुलास आम्ही काय सांगावे!

मुख्य गोष्ट मधल्या फेऱ्यांची. पुतण्यास विचारले गेले : दुकानात एकच वस्तू शिल्लक आहे आणि दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या फोनवरून एकाच क्षणी ती मागितली, तर काय कराल? त्याने पुस्तकी उत्तर दिले, की पहिल्याची नोंद पुरी होईपर्यंत त्या वस्तूच्या खात्यास कुलूप लावावे व दुसऱ्यास थांबवावे. साठा घटणे आणि पैसे जमा होणे ही दोन्ही कामे मिळून एकच व्यवहार धरतात. एक फसले तर दुसरेही रद्द. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज आपण नोंद पुरी मानीत नाही, तसेच हे. पण पुढचा प्रश्न आला : पहिल्याने वस्तू अडवून ठेवली आणि पैसेच दिले नाहीत तर? येथे पुतण्या गप्प झाला.

हे ऐकून आम्ही थक्क झालो. आमच्या पेढीवर फोनवरून मागितलेला माल संध्याकाळपर्यंत राखून ठेवतात; तोवर इसार आला नाही तर चिठ्ठी रद्द व माल दुसऱ्यास मोकळा. सुट्टीत अशा कितीतरी चिठ्ठ्या या मुलाने स्वतःच्या हाताने फाडल्या होत्या. संगणकातही तेच करतात, फक्त मुदत काही मिनिटांची असते.

दुसरा प्रश्न : संगणक बारा नग दाखवितो, फळीवर नऊच आहेत, कारणे सांगा. त्याने सारा दोष प्रोग्राममध्ये शोधला. फूट, चोरी, परत आलेल्या मालाची राहिलेली नोंद, पेटी आणि नग यांतील घोटाळा, यांपैकी एकही त्याच्या तोंडी आले नाही. त्या कंपनीने त्यास घेतले नाही.

घरी आल्यावर कळले, की अर्जात त्याने पेढीवरील कामाचा उल्लेखच केला नव्हता. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "काका, ते हसतील असे वाटले." आम्हांस वाईट वाटले. चाळीस वर्षे ज्या गादीवर बसलो तिची घरच्याच मुलास लाज वाटावी! पण बोललो नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत विचारले, की वारंवार लागणारी माहिती दर वेळी मुख्य साठ्यातून न आणता जवळ कशी ठेवाल, आणि त्यात धोका कोणता? या वेळी त्याने वानगीची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकास दाखविण्यापुरते मूठभर धान्य पेढीवर ठेवतो, म्हणजे गोदामाची खेप वाचते. मात्र गोदामात नवा माल आला आणि वानगी जुनीच राहिली, तर सौद्यात भांडण ठरलेले. म्हणून माल बदलताच वानगी बदलावी. मग साठ्याच्या तफावतीवर तीस किलोची पोती पन्नासची म्हणून लिहिली गेल्याचा आमच्याकडील प्रसंगही त्याने सांगितला. चूक आमच्याच दिवाणजींची होती, ती त्याने बेंगळुरापर्यंत पोहोचविली!

केवळ एवढ्यावर निवड झाली असे आम्ही म्हणणार नाही. मधले तीन महिने तो रोज रात्री बारापर्यंत कोडी सोडवीत असे. तो सराव नसता तर पहिलीच फेरी पार झाली नसती. आता पेढी पुढे कोण चालविणार, हा प्रश्न आमच्या घरात उभा आहे व त्यास आमच्याजवळ उत्तर नाही. दिवाळीस साठ्याच्या मोजदादीसाठी तो चार दिवस घरी येतो. ज्या सभासदांच्या मुलांस काही विचारावयाचे असेल, त्यांनी त्या दिवसांत दुपारनंतर रविवार पेठेतील आमच्या पेढीवर अवश्य यावे.