पात्रतेची अट आणि स्त्रिया : अंतराळापासून पंचायतीपर्यंत

'लायक' हा शब्द मूळचा अरबी. फारसी-उर्दूच्या मार्गाने तो मराठीत आला व येथेच रुळला. त्यापासून झालेल्या 'लायकी' या शब्दाला मराठीत आणखी एक छटा मिळाली : 'लायकी काढणे' म्हणजे समोरच्याचा पाणउतारा करणे. स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातील प्रवेशाचा विचार करताना या दोन्ही छटा ध्यानात घ्याव्या लागतात. स्त्रीला उघडपणे नाकारणे अवघड झाले, की तिच्यापुढे पात्रतेची अट ठेवली जाते. अट सर्वांना सारखीच असल्याचे भासते. परंतु ती पूर्ण करण्याची वाट स्त्रीसाठी बहुधा आधीच बंद असते. अंतराळ संशोधन व राजकारण ही क्षेत्रे एकमेकांपासून दूरची असली, तरी याबाबतीत दोहोंची रीत एकच दिसते.

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १९५९ मध्ये पहिले ७ अंतराळवीर निवडले. उमेदवार लष्करातील जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असावा, ही त्यांच्यासाठी मुख्य अट होती. 'स्त्रिया नकोत' असे म्हणण्याची गरजच नव्हती, कारण लष्करी जेट वैमानिक होण्याची मुभा त्या काळी स्त्रियांना नव्हती. पुढे डॉ. लव्हलेस यांनी खासगीरीत्या काही महिला वैमानिकांच्या तशाच वैद्यकीय चाचण्या घेतल्या. जेरी कॉब यांच्यासह १३ जणी त्यांत उत्तीर्ण झाल्या. जुलै १९६२ मध्ये कॉब व जेन हार्ट यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे आपली बाजू मांडली. हजारो तासांच्या उड्डाणाचा आपला अनुभव समतुल्य मानावा, अशी कॉब यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. याच समितीपुढे अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी स्त्रिया या क्षेत्रात नसणे ही समाजव्यवस्थेतील वस्तुस्थिती असल्याचे सांगितले. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अंतराळवीरासाठी पदवी किंवा समतुल्य शिक्षण हीदेखील अट होती, आणि निवडीच्या वेळी स्वतः ग्लेन यांच्याकडे पदवी नव्हती. 'समतुल्य' या शब्दाची सवलत त्यांना मिळाली, कॉब यांना मिळाली नाही.

सोव्हिएत रशियाने १६ जून १९६३ रोजी व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांना अंतराळात पाठवले. त्या कापड गिरणीतील कामगार व हौशी पॅराशूटपटू होत्या. मात्र त्यांच्यानंतर दुसरी स्त्री अंतराळात जाण्यास १९ वर्षे लागली. १९८२ मध्ये स्वेतलाना सवित्स्काया अंतराळस्थानकावर पोहोचल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टेने त्यांच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन धरला. एका स्त्रीच्या गौरवाने दृष्टी बदलत नाही, हे यावरून दिसते.

बदल झाला तो अट बदलल्यावर. १९७८ मध्ये नासाने वैमानिक नसलेल्या शास्त्रज्ञांनाही घेतले आणि ३५ उमेदवारांत ६ स्त्रिया आल्या. त्यांपैकी सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात गेल्या. काम बिघडले की रडू येते का, असे त्यांना पत्रकारांनी विचारले होते! अमेरिकी हवाई दलाने १९७६ मध्ये वैमानिक प्रशिक्षण स्त्रियांना खुले केले. त्या वाटेने आलेल्या आयलीन कॉलिन्स १९९५ मध्ये स्पेस शटलच्या पहिल्या महिला वैमानिक व १९९९ मध्ये पहिल्या महिला कमांडर झाल्या.

आता आपल्या देशातील पंचायतींकडे पाहू. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. शिक्षणाची अट त्यात नव्हती. २०१५ मध्ये हरियाणाने ती घातली : सर्वसाधारण पुरुषांसाठी दहावी, स्त्रियांसाठी आठवी, तर पंचपद लढवणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी पाचवी. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. त्याच राज्यात मेवात हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे (आता त्याचे नाव नूह). २०११ च्या जनगणनेनुसार तेथील स्त्री-साक्षरता सुमारे ३७ टक्के होती. स्त्रीला सवलत देऊनही तेथील बहुसंख्य प्रौढ स्त्रिया अटीबाहेरच राहणार, हे उघड आहे. आमदार-खासदारांना मात्र शिक्षणाची कोणतीही अट नाही. राजस्थाननेही अशीच अट घातली होती. ती २०१९ मध्ये रद्द करण्यात आली.

लोकप्रतिनिधी शिकलेला असावा, ही अपेक्षा गैर नाही. तालीम हेच ज्यांचे ध्येय आहे, त्या संस्था तरी ती गैर मानणार नाहीत. परंतु ज्या गावात मुलींसाठी शाळा वेळेवर पोहोचली नाही, तेथील प्रौढ स्त्रीकडे प्रमाणपत्र मागणे म्हणजे व्यवस्थेच्या कसुरीची भरपाई तिच्याकडून घेणे होय. म्हणून कोणतीही अट तपासताना दोन प्रश्न विचारावेत : ती पूर्ण करण्याची वाट स्त्रीला खुली होती काय? आणि वरच्या पदावरील पुरुषाला तीच अट लागू आहे काय? दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर ती अट पात्रता तपासत नाही, स्त्रीची लायकी काढते. मुलींना शाळेत टिकवण्याचे काम चालूच राहिले पाहिजे. पण ते पूर्ण होईपर्यंत त्यांच्या आयांना पंचायतीच्या ओट्याखाली बसवून ठेवणे न्याय्य नाही.